स्वतंत्र चव्हाटा आणि त्याचा जमाखर्च

समाज म्हटला कीं त्याला बोलावयास एक जागा लागते. खेड्यांत ती जागा चावडीपुढें किंवा देवळाच्या पारावर असे; पेठेच्या गांवीं ती बाजारांत असे. लातूरच्या गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मालाच्या भावाबरोबर मुलुखाच्या बातम्याहि त्या रस्त्यांनीं आंत येत आणि त्याच रस्त्यांनीं खेड्यापाड्यांत परत जात. नांदेडास गोदावरीच्या घाटावर आणि गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर तोच प्रकार घडे. अशा जागांच्या खर्चाचा हिशेब कोणी मांडीत नसे. कारण पाराला भाडें नव्हतें आणि वडाची सावली कोणाच्या नांवावर चढलेली नव्हती. परंतु बोललेला शब्द छापला जाऊं लागला आणि दूर पाठविला जाऊं लागला, तेव्हां त्याच्यामागें खर्च आला. आणि खर्च आला कीं तो कोण भरतो, हा प्रश्नहि आला.

आजच्या काळीं हा चव्हाटा हातांतल्या फोनमध्यें येऊन बसला आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप, एक्स या नांवांच्या जागा फुकट मिळतात, म्हणून त्यांचा खर्च कोणाला तरी भरावा लागतो ही गोष्ट ध्यानांत राहत नाहीं. तो मुख्यतः जाहिरातदार भरतो. आणि जो भरतो त्याच्या सोयीनें जागेची मांडणी होते, हा व्यवहाराचा नियम येथेंहि सुटलेला नाहीं. याला पर्याय म्हणून स्वतंत्र, मुक्तस्रोत समाजमाध्यमें उभारण्याचे यत्न जगांत गेलीं पंधरा-वीस वर्षें चालू आहेत. त्यांच्या यशापयशाची चर्चा बहुधा यंत्रांच्या भाषेंत होते. वस्तुतः प्रश्न जुनाच आहे, आणि मराठवाड्यानें व महाराष्ट्रानें तो संगणकाच्या पुष्कळ आधीं सोडवून पाहिलेला आहे. त्या इतिहासाची उजळणी केली म्हणजे आजच्या प्रयोगांचें बरेंवाईट अधिक स्वच्छ दिसूं लागतें.

१९४८ पूर्वींचा मराठवाडा म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पांच जिल्हे. लातूर हा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतला एक तालुका होता; त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. संस्थानची बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी आणि कानडी बोलणारी. पण कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतूनच होई. एका देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग आपल्या जागीं मोठा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु लातूर-नांदेडच्या मराठी मुलाला त्यानें स्वतःच्या भाषेचें दार उघडून दिलें नाहीं. सभा भरवावयाची तर आगाऊ परवानगी, खासगी शाळा काढावयाची तर परवानगी, पत्र काढावयाचें तरीहि परवानगी, अशी त्या राज्याची रीत होती. सभांवर निर्बंध घालणारें 'गश्ती निशाण ५३' हें फर्मान त्या पिढीच्या आठवणींत कायमचें रुतून बसलें.

अशा स्थितींत मराठी पत्र चालवावयाचें तर दोनच मार्ग उरत. एक, सरकारच्या नजरेखालीं, सोसेल तितकेंच बोलून चालविणें. लक्ष्मणराव फाटक यांचें 'निजाम विजय' हें साप्ताहिक १९२० सालीं हैदराबादेंत निघालें, तें या मार्गानें. राजधानींत राहून, कायदा सांभाळून, मराठी वाचकाला मराठी अक्षर पुरविण्याचें काम त्यानें दीर्घकाळ केलें. आज कोणी त्याच्या सावधगिरीला भित्रेपणा म्हणेल. पण ज्याचा छापखाना सरकारच्या हाताच्या अंतरावर आहे त्याच्या शब्दांचें माप घेतांना तें अंतरहि मोजलें पाहिजे. दुसरा मार्ग, सरहद्द ओलांडून बाहेर जाणें आणि तेथून आंत बोलणें.

हा दुसरा मार्ग आ. कृ. वाघमारे यांनीं धरला. १९३७ सालीं त्यांनीं 'मराठवाडा' हें साप्ताहिक सुरू केलें. तें वर्षच जागृतीचें होतें. त्याच सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. दुसरें १९३८ सालीं लातूरला भरलें आणि स्वामी रामानंद तीर्थ तेथूनच परिषदेच्या कार्यांत पुढें आले. पुढें काहीं महिन्यांतच हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मापूर्वींच बेकायदा ठरली, आणि ऑक्टोबर १९३८ मध्यें सत्याग्रह सुरू झाला. बंदी उठली ती १९४६ सालीं. मधल्या सगळ्या वर्षांत संस्थानांतल्या मराठी माणसाला स्वतःच्याच मुलुखाची हकीगत बाहेरून छापून येणाऱ्या पत्रांत वाचावी लागे. निजाम सरकारनें 'मराठवाडा' साप्ताहिकाला बंदी केली. तेव्हां तें पुण्याहून निघूं लागलें. एका नांवावर बंदी आली कीं दुसऱ्या नांवानें, दुसऱ्यावर आली कीं तिसऱ्या नांवानें.

या गोष्टीची अद्भुतता बाजूला ठेवून तिचा व्यवहार पाहावा. पुण्याहून लातूरला यावयाचें तर मोठ्या रेल्वेनें कुर्डूवाडी, आणि तेथून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी. ती लातूरपर्यंत १९११ सालीं पोंचली होती. बार्शी हें ब्रिटिश मुलुखांतलें गांव. त्याच्या पलीकडे निजामी हद्द सुरू. नांदेडला यावयाचें तर मनमाडवरून गोदावरीच्या खोऱ्यांतल्या रेल्वेनें. म्हणजे पत्र छापणें हा अर्धाच खर्च. उरलेला अर्धा तें वाचकाच्या हातीं पडण्याचा. बंदी असलेल्या पत्राला टपालाची सवलत उपयोगी नाहीं, उघड विक्री नाहीं, स्थानिक व्यापाऱ्याची जाहिरात नाहीं. वर्गणी पाठविणें हेंच वर्गणीदारावर संशय ओढवून घेण्यासारखें. अशा पत्राचा जमाखर्च बाजाराच्या नियमांनीं बसतच नाहीं. तो चालतो तो संपादकाच्या दारिद्र्यावर, छापखान्याच्या उधारीवर, आणि अंक खिशांत घालून सरहद्द ओलांडणाऱ्यांच्या धाडसावर.

तरीहि नांव बदलून पत्र पुन्हा निघे, याचें कारण काय? कारण बंदी नांवावर होती. लिहिणारा हात, वाचणारा वाचक आणि मधला वाटाड्या हे तिघे बंदींत सांपडत नव्हते. पत्राची खरी मालमत्ता त्याच्या नांवांत नव्हती, छापखान्यांतहि नव्हती. छापखाना परक्याचा, भाड्याचा होता. पत्र कसें काढावें हें ठाऊक असलेलीं माणसें आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे वाचक, एवढीच ती मालमत्ता. जी संस्था एका इमारतींत, एका परवान्यांत किंवा एका यंत्रांत अडकलेली नाहीं, ती मोडली तरी पुन्हा उभी राहूं शकते. आजच्या मुक्तस्रोत चळवळीचें मर्म हेंच आहे.

असा चव्हाटा ही केवळ मराठी भाषिकांची गरज होती असें मात्र नव्हे. खुद्द हैदराबादेंत मंदुमुल नरसिंगराव यांचें 'रय्यत' हें उर्दू पत्र प्रजेच्या हक्कांविषयीं लिहीत असे. शोएबुल्ला खान हा तरुण पत्रकार आधीं 'ताज' या पत्रांत होता. तें बंद पडल्यावर तो 'रय्यत'मध्यें आला. तेंहि बंद झाल्यावर त्यानें 'इमरोज' हें स्वतःचें दैनिक काढलें. एक पत्र गेलें कीं दुसरें, ही येथेंहि तीच पद्धत. संस्थान भारतांत सामील व्हावें असें तो उर्दूंत, उघडपणें आणि राजधानींत राहून लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्यें त्याच्यावर हल्ला झाला आणि त्यांत तो मारला गेला. महिन्याभरानें, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, निजामी राज्य संपलें. स्वतंत्र पत्राच्या जमाखर्चांत खर्चाच्या बाजूला कधींकधीं माणूसच लिहिला जातो, हें त्या हकीगतीवरून कळतें.

निजामी मुलुखांत दार अडविणारें सरकार होतें. ब्रिटिश मुलुखांत पत्र काढण्यास तितका अडथळा नव्हता. तेथें दार अडविणारा पुष्कळदां पत्राचा मालकच असे. त्याचें उदाहरण मुंबईचें आहे, पण त्याचा बोध मराठवाड्यानें विसरूं नये. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं 'मूकनायक' हें पाक्षिक सुरू केलें. त्याची जाहिरात पैसे देऊनहि छापून घेण्यास 'केसरी'नें नकार दिला. केसरी हें पत्र सरकारच्या दडपणाला न जुमानणारें, त्याच्या संपादकांनीं तुरुंगवास भोगलेला. आणि तरीहि अस्पृश्यांच्या पत्राला त्याच्या पानावर विकतची जागा मिळाली नाहीं. सरकारापासून स्वतंत्र असलेला चव्हाटा सर्वांना मोकळा असतोच असें नाहीं. ज्याला तेथें उभें राहूं दिलें जात नाहीं त्याला स्वतःचा चव्हाटा बांधावा लागतो. आणि बांधणारा बहुधा सर्वांत निर्धन असतो, ही त्यांतली मेख आहे.

'मूकनायका'ला शाहू महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य केलें. पत्र निघालें तें त्या बळावर. पुढें डॉ. आंबेडकर उरलेल्या शिक्षणासाठीं विलायतेस गेले आणि १९२३ सालीं पत्र बंद पडलें. १९२७ सालीं त्यांनीं 'बहिष्कृत भारत' काढलें. त्यांतला बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत, मोबदला कांहीं घेत नसत, आणि पत्राच्या कर्जाची हकीगत लपवून न ठेवतां वाचकांपुढें मांडीत. तेंहि १९२९ सालीं थांबलें. या दोन्ही पत्रांचें ऐतिहासिक महत्त्व आज कोणी नाकारीत नाहीं. पण त्यांच्या अल्पायुष्याचें कारण लेखणींत नव्हतें, तिजोरींत होतें. एका दात्याच्या देणगीवर पत्र सुरू होतें. दर महिन्याला येणाऱ्या वर्गणीवर तें टिकतें. सुरू होणें आणि टिकणें यांना लागणारा पैसा निरनिराळ्या जातीचा असतो.

टिकण्याचें उदाहरणहि जवळच आहे. नेवासें तालुक्यांतलें तरवडी हें गांव मराठवाड्याच्या शिवेपासून फार दूर नाहीं. तेथून मुकुंदराव पाटील यांनीं 'दीनमित्र' हें सत्यशोधक विचारांचें पत्र चालविलें. १९१० सालीं त्यांनीं तें हातीं घेतलें आणि तें १९६७ पर्यंत चाललें. खेड्यांतून पत्र चालविण्यांत गैरसोयी पुष्कळ. पण खर्च कमी, वाचक ओळखीचा, आणि संपादक त्याच मातींतला. अर्धशतकाहून अधिक काळ टिकलेल्या या पत्राचा धडा असा कीं, आटोपशीरपणा हें पुष्कळदां स्वातंत्र्याचें पहिलें साधन असतें.

थोड्या थोड्या पैशांनीं मोठें काम करण्याची कल्पनाहि महाराष्ट्राला नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं काढलेला 'पैसा फंड' जुन्या पिढीला चांगला परिचित होता. प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यांतून देशी उद्योग उभारावे, अशी ती योजना. त्या फंडांतून तळेगांव येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशानें कोणी गरीब होत नाहीं आणि एका पैशाच्या जोरावर कोणी मालकहि होऊं शकत नाहीं, यांत त्या कल्पनेची खुबी आहे. मोठा देणगीदार रागावला तर संस्था हादरते. पैसा देणाऱ्या हजारांपैकीं दहा जण रागावले तरी ती चालूच राहते.

मराठवाड्यांतल्या शाळा आणि वाचनालयें याच तत्त्वावर वाढलीं. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. तेथें १९२९ सालीं आलेले शिक्षक म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ पासून अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यांच्या कार्याचें केंद्र झाली. पुढें संस्थान मुक्त झाल्यावर १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, त्यामागेंहि त्यांचीच प्रेरणा. 'पीपल्स' हें त्याचें नांवच त्याचा आधार कोणाचा हें सांगतें. परभणीचें गणेश वाचनालय १९०१ पासूनचें आणि हैदराबादचें मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ पासूनचें. सभेला बंदी असलेल्या राज्यांत वाचनालयाचें टेबल हीच सभा होती. पुढें १९५५ सालीं हैदराबाद राज्यांत आणि १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वर्गणीला सरकारी अनुदानाची जोड मिळाली. मात्र अनुदान आलें तरी पुस्तकांची निवड स्थानिक मंडळीनेंच करावयाची, ही रीत राहिली. पैसा सार्वजनिक, आणि चालविणारे गांवचे लोक: ही घडण लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

छापील पत्राकडून संगणकाच्या जाळ्याकडे वळतांना पहिली आठवण परदेशस्थ मराठी माणसांची होते. 'मायबोली' हें मराठी संकेतस्थळ १९९६ सालीं अमेरिकेंतून सुरू झालें. फेसबुकचा जन्म २००४ चा; म्हणजे मराठी माणसांनीं आपला सामाईक कट्टा त्याच्या आठ वर्षें आधींच बांधला होता. स्वयंसेवकांच्या श्रमावर तो चालत राहिला. पुढें 'मनोगत', 'मिसळपाव' अशीं आणखीहि स्थळें निघालीं. यांपैकीं कांहींचा पाया 'द्रुपल' नांवाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर रचला गेला. त्याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवावें. गूगल कंपनीचें 'ऑर्कुट' एके काळीं भारतीय तरुणांनीं गजबजलेलें होतें; त्यांत मराठी मंडळेंहि पुष्कळ होतीं. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं कंपनीनें तें बंद केलें. परक्या वाड्यांतला तो चव्हाटा वाड्याबरोबरच गेला, आणि त्यांतली मराठी बोलणींहि विखुरलीं.

'मुक्तस्रोत' या शब्दाचा अर्थ सोप्या रीतीनें असा सांगतां येईल. सॉफ्टवेअर ही यंत्राला दिलेली लेखी कृति असते. कंपनी ती कृति गुप्त ठेवते आणि तयार पदार्थच विकते किंवा वाटते. मुक्तस्रोतांत कृतीच सर्वांना वाचावयास, वापरावयास आणि सुधारावयास दिली जाते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं या विचाराची चळवळ सुरू केली. त्यांनीं परवान्याचा एक प्रकार रूढ केला: जो ही कृति घेईल त्यानें केलेली सुधारणाहि पुढच्यांना त्याच अटींवर दिली पाहिजे. 'मराठवाडा' साप्ताहिकाचें पत्र काढण्याचें ज्ञान जसें एका छापखान्यांत कोंडलेलें नव्हतें, तसेंच हें आहे. एक मंडळी थकली तर दुसरी मंडळी तीच कृति घेऊन, दुसऱ्या नांवानें, दुसऱ्या गांवीं तेंच काम चालवूं शकते.

परंतु कृति फुकट मिळाली म्हणून स्वयंपाक फुकट होत नाहीं. सरपण, पाणी, भांडीं आणि वाढणारा माणूस लागतोच. न्यूयॉर्कमधील चार विद्यार्थ्यांनीं २०१० सालीं 'डायस्पोरा' या नांवाच्या स्वतंत्र समाजमाध्यमासाठीं लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले. सुमारें साडेसहा हजार लोकांनीं मिळून दोन लाखांहून अधिक डॉलर दिले. तो नव्या काळचा पैसा फंडच होता. तरीहि काम अपेक्षेइतकें वेगानें झालें नाहीं; चौघांपैकीं एक जण २०११ सालीं मरण पावला, आणि २०१२ सालीं प्रवर्तकांनीं तें काम स्वयंसेवकांच्या स्वाधीन केलें. भारतांतहि मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनीं लोकवर्गणीवर 'पोड्डेरी' या नांवानें त्याचें एक ठाणें चालविलें. डायस्पोराचा उद्देश खोटा नव्हता, लोकांची उदारताहि खोटी नव्हती. पण एकदां मिळालेल्या मोठ्या रकमेनें बांधकाम होतें, नित्याचा खर्च भागत नाहीं. 'मूकनायका'ची कथा सुमारें नव्वद वर्षांनीं निराळ्या वेषांत पुन्हा घडली.

'मॅस्टोडॉन'चा इतिहास याहून अधिक बोधप्रद आहे. ऑयगेन रॉख्को या जर्मनींतल्या तरुणानें तें २०१६ सालीं सुरू केलें. त्याची रचना एका मोठ्या इमारतीसारखी नाहीं, पुष्कळ गांवांसारखी आहे. प्रत्येक गांव म्हणजे एक सर्व्हर. त्याचा कारभारी निराळा, नियम निराळे, खर्च निराळा. परंतु एका गांवचा रहिवासी दुसऱ्या गांवच्या माणसाशीं मोकळेपणानें बोलूं शकतो. यासाठीं जी सामाईक बोली लागते तिला २०१८ सालीं जागतिक संस्थेची मान्यता मिळाली. गोलाईला सोळा रस्ते मिळतात, पण रस्त्यांवरच्या गांवांची मालकी गोलाईकडे जात नाहीं; तसाच कांहींसा हा प्रकार. आरंभीं हें काम दरमहा थोडी रक्कम देणाऱ्या हितचिंतकांवर चाललें; २०२१ सालीं त्यासाठीं ना-नफा कंपनी स्थापन झाली. गुंतवणूकदारांचे देकार आले ते संस्थापकानें नाकारले. २०२४ सालीं जर्मनींत त्या कंपनीचा धर्मादाय दर्जा काढून घेतला गेला, तेव्हां संस्थेची घडी पुन्हा बसविण्याची वेळ आली. तोंवर उभारलेलीं हजारों गांवें मात्र त्या घडामोडींत आपापल्या जागीं चालूच राहिलीं.

भारतांत मॅस्टोडॉनचें नांव नोव्हेंबर २०१९ मध्यें अचानक गाजलें. सर्वोच्च न्यायालयांतील वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें स्थगित केलें, त्याच्या निषेधार्थ पुष्कळ भारतीय तिकडे गेले. २०२२ सालीं इलॉन मस्क यांनीं ट्विटर चव्वेचाळीस अब्ज डॉलरना विकत घेतलें, तेव्हां जगभरांतून दुसरी लाट आली. दोन्ही वेळां लाट ओसरलीहि. रागाच्या भरांत घर सोडणारे लोक पुष्कळ असतात. नव्या घराची वर्गणी दर महिन्याला भरणारे थोडे. आणि लाट येते तेव्हां कारभाऱ्याचा खर्च एका रात्रींत वाढतो: चित्रांना सांठवण लागते, यंत्रांना वेग लागतो.

पैशाहून अवघड असा आणखी एक खर्च असतो, तो मनुष्यबळाचा. चव्हाटा म्हटला कीं तेथें शिवीगाळ येते, खोटी बातमी येते, जातीधर्माचा द्वेष येतो. तो निवडून काढण्यासाठीं कोणीतरी रात्रंदिवस जागें राहावें लागतें, आणि त्या जागरणाला बहुधा मोबदला नसतो. भारतांत २०२१ च्या नियमांप्रमाणें अशा स्थळाला तक्रार-अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोंच आणि तिचा निकाल ठराविक मुदतींत द्यावा लागतो. कंपनीला हें सोपें. चार मित्रांनीं चालविलेल्या स्थळाला तें ओझें होतें. कित्येक छोटीं ठाणीं बंद पडलीं तीं पैसे संपल्यामुळें जितकीं, तितकींच चालक थकल्यामुळें. याच्या उलट, नुसतें भांडवल असून भागत नाहीं हेंहि दिसलें आहे. बंगळूरु येथें २०२० सालीं निघालेलें 'कू' हें माध्यम मराठीसह अनेक भारतीय भाषांत चाले. त्याच्यामागें गुंतवणूकदारांचा पैसा होता. पण गुंतवणूकदार हा वर्गणीदार नव्हे. नव्या भांडवलाचा ओघ आटला, विक्रीचीं बोलणीं फिसकटलीं, आणि जुलै २०२४ मध्यें तें बंद झालें. त्याचें सॉफ्टवेअर लोकांच्या हातीं नव्हतें. म्हणून दुसरी मंडळी तें उचलून पुढें चालवूं शकली नाहीं.

मुक्तस्रोत म्हटल्यानें सर्व कांहीं सात्त्विक होतें, असा भ्रमहि ठेवूं नये. मॅस्टोडॉनची कृति द्वेष पसरविणाऱ्या मंडळींनींहि उचलली. २०२१ सालीं अमेरिकेच्या तेव्हां माजी असलेल्या अध्यक्षांच्या 'ट्रुथ सोशल' या माध्यमानें तीच कृति परवान्याची अट न पाळतां वापरल्याचें उघडकीस आलें, आणि मग त्यांना स्रोत प्रसिद्ध करावा लागला. छापण्याची कला टिळकांच्या हातीं आली तशी इतरांच्याहि हातीं आली. कलेला त्याचा दोष नाहीं. साधन मोकळें असणें ही स्वातंत्र्याची पहिली अट आहे, पुरी अट नव्हे. उरलेली अट माणसांनीं पाळावयाची असते: दार कोणाला अडवावयाचें आणि कोणाला नाहीं, हें सर्वांच्या समक्ष ठरवावयाचें असतें. 'केसरी'नें नाकारलेली जाहिरात हें या बाबतींत कायमचें स्मरणपत्र आहे.

आतां नांदेड-लातूरच्या दृष्टीनें या सर्वांचें तात्पर्य काय? या दोन जिल्ह्यांत आज महाविद्यालयें आहेत, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ नांदेडास आहे, संगणक शिकलेले तरुण आहेत. पाणीटंचाई, सोयाबीनचा भाव, परीक्षा, नोकरी, लग्नकार्य, या साऱ्यांची चर्चा येथील माणसें रोज करतात. पण ती चर्चा ज्या खोल्यांत होते त्यांच्या किल्ल्या सातासमुद्रापलीकडे आहेत. स्वतंत्र माध्यमासाठीं लागणारी कृति फुकट मिळते. कांहीं शें माणसांच्या ठाण्याला लागणारें यंत्र एखाद्या वाचनालयाच्या खर्चांत बसण्यासारखें असतें. जें लागेल तें वाचनालयाला लागतें तेंच: दरमहा थोडी वर्गणी देणारे सभासद, भिंतीवर लावलेला जमाखर्च, पाळीपाळीनें काम पाहणारें मंडळ, आणि एक जण गेला तर दुसऱ्याला काम यावें अशी शिकवण. या चारपैकीं एकहि गोष्ट यंत्राच्या दुकानांत मिळत नाहीं. त्या चारहि गोष्टी मराठवाड्यानें अधिक कठीण दिवसांत, अधिक गरिबींत, साधून दाखविल्या आहेत.

स्वातंत्र्याची किंमत रक्तानें मोजली जाते असें आपण म्हणतों, आणि शोएबुल्ला खानाची आठवण ठेवणाऱ्यानें तें म्हणावेंच. परंतु तितक्या निर्वाणीचे प्रसंग विरळा. एरवीं ती किंमत दर महिन्याच्या लहानशा वर्गणींत मोजली जाते. ती चुकली कीं चव्हाटा हळूहळू दुसऱ्या कोणाच्या नांवावर चढतो, आणि चढला हें कित्येक दिवस कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणून जो आपल्या बोलण्याच्या जागेचा खर्च आपण भरतो, आणि तिचा हिशेब आपण पाहतो, त्याच्याच बोलण्याला त्या जागेंत वजन राहतें.